चौकोनी टरबूज

"यंदा टरबूज चौकोनी पिकवणार!" असं मी चाकूरला सासुरवाडीत भर पंगतीत बोलून गेलो. सासरे माणिकप्पा म्हणजे टरबुजाचे पट्टीचे शेतकरी. ते म्हणाले, "जावईबापू, तुमच्या हातून आधी गोल तरी येऊ द्या!"

सगळी पंगत हसली. (माझी बायको स्वप्नाली सगळ्यात जोरात.) कचेरीतला कारकून असलो म्हणून काय झालं? इज्जतीचा सवाल होता. चौकोनी टरबूज पुढ्यात ठेवल्याशिवाय ह्या घरचं पाणी प्यायचं नाही, असं ठरवूनच मी उठलो.

निलंग्याला परसात वेल लावला. साचा म्हणून स्वप्नालीचा पिठाचा स्टीलचा डबा उचलला. अंग चौकोनी, तोंड गोल, पोटावर कोरलेलं 'माणिकप्पा यांजकडून लग्नात भेट'. वेलावरचं लिंबाएवढं फळ अलगद आत सोडलं, वर ओलं पोतं टाकलं.

"माझ्या डब्यात काय करून राहिलात?"

"इतिहास!"

"मग पीठ कशात ठेवू?"

पीठ बादलीत गेलं. फळ मात्र फुगत फुगत डब्याच्या चारी कोपऱ्यांत जाऊन बसलं. मी देठ कापला, डबा उलटा केला, थोपटला, आपटला. टरबूज हलेना! आत गेलं होतं लिंबाएवढं, बाहेर यायचं होतं घागरीएवढं. (हे आधी सुचायला पाहिजे होतं, असं आता कुणी सांगू नये. स्वप्नालीनं सांगून झालंय.)

"डबाच कापतो," मी म्हणालो.

"माझ्या बापाचं नाव हाय त्याच्यावर! कापून तर बघा!"

मग डबा मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं चाकूर गाठलं.

सासऱ्यांनी चष्मा लावून आत डोकावलं. "वरून तर गोलच दिसून राहिलं."

"मामा, आत चौकोनी हाय!"

"मग काढून दाखवा."

"निघत न्हाई."

अख्खं घर पोट धरून हसलं. शेवटी सासऱ्यांनीच चमचे मागवले अन् सगळ्यांनी डब्यात हात घालून टरबूज खरवडून खाल्लं. (पाणी मी प्यालो नाहीच. टरबुजावर भागवलं.)

"लई गोड हाय हो!" सासरे मनापासून म्हणाले. मला बरं वाटलं, पण मी माघार घेणारा नव्हे.

"गोडाचं सोडा मामा. चौकोनी होतं का नव्हतं? कबूल करा!"

आम्ही निघताना सासऱ्यांनी डबा धुवून पुसून घेतला, घरच्या गव्हाचं पीठ काठोकाठ भरलं, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला.

"होतं की जावईबापू, चौकोनीच होतं. हे पीठबी तसंच हाय. सांभाळून न्या."