सासूबाईंना सिंह दाखवायचा होता

सिंह दाखवण्यात माझा हात धरणारा केनियाच्या अख्ख्या मासाई मारात नाही! चौदा वर्षं या अभयारण्यात गाडीतून पाहुणे फिरवतोय मी. गवताचं पातं हललं तर ते वाऱ्यानं की शेपटीनं, हे या मासिंदेला विचारा! म्हणून माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे नालियाकाच्या आईनं अट घातली, तेव्हा मला हसूच आलं.

"जगभरच्या लोकांना सिंह दाखवतो म्हणे," गावाकडून, बुंगोमाहून निरोप आला. "आमच्या पोरीला कधी मांजर तरी दाखवलंय? मला सिंह दाखव म्हणावं, मग लग्नाची तारीख धरू."

"एक काय, दोन दाखवतो!" मी म्हटलं. बढाई मारायला काय जातं!

अडचण एवढीच, की आम्हा बुकुसू लोकांत जावयानं सासूचं तोंड बघायचं नाही, तिच्याशी थेट बोलायचं नाही, आणि हात तर मुळीच लावायचा नाही. लागलाच तर बकरं कापून शुद्धी, वर गावभर शोभा! पण मी डोकं चालवलं. माझ्या सीटमागं लेसोचा, आमच्या बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या कापडाचा, पडदा बांधला. आरसा आभाळाकडे वळवला. नालियाकाला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा निरोप पोचवायला सासूबाईंचे भाऊ सिमियूमामा शेजारी बसवले. बंदोबस्त चोख!

मामा फाटकातून आत शिरल्या शिरल्या झोपले. टोपी नाकावर, तोंड सताड उघडं.

तासाभरानं पडद्यामागून आवाज आला. "सिमियू, त्याला सांग, गाडी थांबव. मला झुडपामागं जायचंय."

मामा घोरले.

मी मामांच्या टोपीला म्हटलं, "मामा, त्यांना सांगा, इथं उतरायचं नसतं. अर्ध्या तासावर लॉज आहे, तिथं संडास आहे."

"सिमियू, त्याला सांग, अर्ध्या तासानं संडासाचा काही उपयोग नाही!"

थांबलो! करतो काय? आधी झुडपाला गाडीनं दोन चकरा मारल्या, आत काही बसलेलं नाही ना ते बघितलं. सासूबाई उतरल्या. आता मी मान कुठं वळवू? चुकून नजर गेली की लग्न मोडलंच! म्हणून सीटवर उभा राहून उघड्या छपरातून डोकं काढलं, झुडपाकडे पाठ केली, दुर्बीण डोळ्यांना लावली आणि समोरच्या माळावर टक लावली. दिसत काही नव्हतं. सगळा जीव कानात!

इथंच घात झाला. आम्हा ड्रायव्हरांची रीतच आहे, एखादा सीटवर चढून एकाच दिशेला दुर्बीण लावून हलेना, की समजायचं, गड्याला काहीतरी घबाड सापडलं!

"मासिंदेला सापडलंय रे!" रेडिओवर रोनो ओरडला. हा माझा दोस्त, पण गाडीत बसला की दुष्मन.

"काही नाही सापडलं! जा तिकडं!"

"लपवतोय! म्हणजे नक्की बिबट्या!"

दहा मिनिटांत एकोणीस गाड्या! धुरळा, आरडाओरडा, आणि प्रत्येक छपरातून हातभर लांबीचे कॅमेरे. निम्म्या गाड्या माझ्या आणि झुडपाच्या मध्येच घुसल्या. सासूबाई पलीकडे अडकल्या! तेवढ्यात रोनो म्हणाला, "मानलं बाबा तुला! तीन-तीन!"

"तीन काय?"

"सिंह, गाढवा! त्या बाभळीखाली! मघापासून त्यांच्याकडेच तर बघतोयस!"

मी दुर्बिणीतून बघितलं. अगं आई गं! दोन पोरगेले सिंह आणि एक थोरली सिंहीण, बरोबर समोर! दहा मिनिटं मी त्यांच्या नाकाकडे बघत होतो! आणि ती थोरली उठली, आळस दिला, अन् गाड्यांना वळसा घालून सरळ झुडपाकडे निघाली!

"मामा! त्यांना सांगा, पळा! सिंहीण आली!"

मामा घोरले.

गाड्यांच्या घरघरीत माझी हाक विरून गेली. पण झुडपामागचा आवाज मात्र खणखणीत आला, "सिमियू! त्या मेल्यांना सांग, तोंडं फिरवा! मी उठू कशी?"

मारली उडी! आणि सांगायला लाज वाटते, डोळे मिटून धावलो. रीत ती रीत! गुडघ्याला दगड लागला, काटे रुतले, मग हाताला लेसो लागला. धरलं, उचललं, खांद्यावर टाकलं! सासूबाईंनी लाजेनं पदरासारखा लेसो तोंडावर ओढला आणि अशी किंकाळी फोडली, की, रोनो सांगतो, सिंहीण शेपूट घालून पळाली, तिच्यामागं ते दोघेही. एकोणीस गाड्यांनी फोटो काढले. सिंहाचे नव्हे, आमचे!

किंकाळीनं मामा एकदाचे जागे झाले होते. "हं? आलं का लॉज?"

"सिमियू," पडदा म्हणाला, "त्याला विचार, हात का लावला?"

"मामा, सांगा त्यांना, सिंहीण होती हो! अगदी जवळ!"

"सिंहीण? कुठं होती? मला नाही दिसली! सिमियू, विचार त्याला, एकोणीस गाड्यांना दाखवली, अन् माझी पाळी आली तेव्हाच मला पोत्यासारखं उचलून कोंबलं?"

कप्पाळ माझं! बकरं कापलं. शुद्धी झाली. अट मात्र जशीच्या तशी!

आज आमची सहावी फेरी आहे. मध्ये झेब्रे झाले, हत्ती झाले, एकदा रानडुकरानं टायर हुंगला. सिंह एक नाही! सकाळी नालियाकाचा फोन होता, "या खेपेला तरी दाखव रे, माझ्या मैत्रिणींची पोरं शाळेत जायला लागली!"

मामा शेजारी घोरतायत. समोर, देवाशपथ सांगतो, बाभळीखाली काहीतरी पिवळं हललंय. वारा नाही! मी हळूच ब्रेक दाबला.

आणि पडद्यामागून आवाज आला, "बरं झालं थांबला. सिमियू, त्याला सांग, तिकडं तोंड कर. मी जाऊन येते."