गरुडाचा खाडा

रोज सकाळी पावणेसात वाजता आमच्या भिंतीपलीकडून आप्पा एका अमेरिकन गरुडाला शिव्या घालतात.

"कुठं उलथलाय रं? पाळी सुटून अर्धा तास झाला! ती बाई किती येळ बसंल अंड्यावर? मांडा खाडा त्याचा! खाडा!"

मी तेव्हा दात घासत असतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, गोठ्यावरचा गडी आला नसेल. मग 'अंड्यावर' हा शब्द कानावर पडला आणि मी ब्रश तोंडात तसाच ठेवून भिंतीवरून डोकावलो. आप्पा अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसले होते. हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये सातासमुद्रापलीकडचं एक झाड. झाडावर काटक्यांचं बाजेएवढं घरटं, त्यात पांढऱ्या डोक्याची गरुडाची मादी अंडी उबवत बसलेली. तिथं कुणीतरी कॅमेरा बसवलाय आणि तो दिवसरात्र चालू असतो. अंथुर्ण्याला आप्पांच्या धाकट्या मुलाकडे असलेल्या नातीनं त्याची लिंक घरच्या ग्रुपवर टाकली. बाकीच्यांनी अंगठा दाखवून विषय संपवला. आप्पांनी मात्र त्या जोडप्याला कामावर ठेवून घेतलं.

आप्पा साखर कारखान्यात तेहेतीस वर्षं टाइमकीपर होते. कामगार गेटवर आला की हजेरी, नाही आला की खाडा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी सगळं वडगाव अजून त्यांच्याच गेटमधून आत-बाहेर करतं. एसटी, दूधवाला, वायरमन, सगळ्यांचे खाडे त्यांना तोंडपाठ. एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माणसं उन्हात ताटकळली. मुलगा हात जोडून बापाच्या एकेक इच्छा आठवत होता, धाकटीचं लग्न करीन म्हणत होता, भावाला अंतर देणार नाही म्हणत होता. आप्पांनी घड्याळ पाहिलं आणि गरजले, "इच्छा-बिच्छा काय न्हाय! कावळा लेट हाय! मांडा खाडा!" रडणाऱ्या बायकासुद्धा पदरात तोंड घालून हसल्या. आप्पा हसले नाहीत. ते हसत नाहीतच.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, हे माझं दुर्दैव. त्यामुळे गरुडांच्या बाबतीत मी आप्पांचा सरकारी दुभाषा झालो. सुरुवातीलाच मी एक घोडचूक केली. या पक्ष्याला इंग्रजीत टकला गरुड म्हणतात, हे त्यांना सांगून बसलो.

"टकला? डोस्कं पांढरं हाय त्याचं! पिकल्या केसाला टकला म्हणत्यात व्हय तुमच्या इंग्रजीत? पोरांना काय शिकवता, मास्तर?" असं म्हणून त्यांनी स्वतःची टोपी काढली आणि चकचकीत डोकं माझ्यापुढे वाकवलं. "टक्कल ह्याला म्हणत्यात. लिव्हून घ्या."

दुपारी मोबाईल उघडला की पडद्यावर करडा अंधार असायचा. "तिकडं बी दिवसाची लाईट न्हाय म्हणा," असं म्हणताना त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. मी लिंबू आणि बॅटरी घेऊन पृथ्वी कशी फिरते ते समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आपली सकाळ ती त्यांची सांज. पाळी बदलायची येळ. एवढ्यासाठी लिंबू कशाला नासवलं?"

अंडी नर-मादी दोघं आळीपाळीनं उबवतात. रात्री बहुधा मादी बसते, नर संध्याकाळी मासा घेऊन येतो. म्हणजे यायला हवा. तो कधी यायचा, कधी नाही. चौथ्या का पाचव्या दिवशी आप्पांनी मला भिंतीवरून हाक मारली आणि नोटीस लिहून घ्यायला लावली. घरट्याच्या चित्राशेजारी जगभरच्या बघ्यांच्या गप्पा चालू असतात, त्यात ती टाकायची होती. "आपण काल दुसऱ्या पाळीस विनापरवाना गैरहजर राहिल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा चोवीस तासांत करावा." मी निमूटपणे त्याचं इंग्रजी केलं. खाड्याला मला इंग्रजी शब्द सापडला नाही, अजूनही सापडलेला नाही. तिकडच्या कुणा आजीबाईंनी उत्तरादाखल तीन लाल हृदयं पाठवली.

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"त्यांना आवडलं, आप्पा."

"खुलासा मागितला तर बदाम पाठवत्यात? तीन-तीन बदाम? पत्ते खेळतोय व्हय आमी?"

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. पण खरं सांगतो, मला आप्पांचा मनापासून राग यायचा. तो त्यांच्या ओरडण्यावरून नव्हता, त्यांच्या बायकोवरून होता.

म्हणजे हौसाकाकूंवरून. चार वर्षांपूर्वी त्या धाकट्या सुनेच्या बाळंतपणाला अंथुर्ण्याला गेल्या, सव्वा महिन्यासाठी. मग बाळ रांगायला लागलं, मग डाळिंबाच्या छाटणीला माणसं मिळेनात, मग मोठ्या नातीचे शाळेचे डबे. तिथून त्यांना कुणी सोडेना आणि इथे आप्पा राहतात त्या थोरल्या मुलाकडे कुणी बोलवेना. कामाच्या म्हातारीला सगळे धरून ठेवतात, ओरडणारा म्हातारा कुणी मागत नाही. दोन्ही मुलं चांगली आहेत, सुनाही चांगल्या आहेत, आणि माझा संताप तोच आहे. वाईट असते तर निदान भांडता आलं असतं. इथं कुणी काही ठरवलंच नाही, आणि सत्तरीतलं जोडपं दोन तालुक्यांत वाटलं गेलं.

वडगावहून अंथुर्णं म्हणजे बारामतीवरून दीड तासाचा रस्ता. चार वर्षांत आप्पा एकदाही गेले नाहीत. लग्नकार्यात भेट व्हायची, तीही पंक्तीच्या दोन टोकांना. मी एकदा विषय काढला.

"मी आणू? मी?" आप्पा भडकले. "सव्वा महिन्याची रजा मंजूर केली हुती. पुढचं समदं विनापरवाना. बदली झालीया का तिची? आर्डर दाखवा! गेली तशी येऊन हजर व्हईल."

काकूंचं म्हणणं मला एका साखरपुड्यात कळलं. "न्यायला आल्याबिगार मी यायची न्हाय, मास्तर. मी काय गठुडं हाय, कुणाच्या बी टेंपोत टाकून द्यायला?"

दोघांच्या वयाची बेरीज दीडशेच्या आसपास आणि हट्ट बालवाडीतला. हजारो मैलांवरच्या घरट्याचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला एक दिवस गदागदा हलवावं, असं मला कितीदा वाटलं. पण वयाला मान द्यायचा म्हणून मी चूळ भरून आत जायचो.

मग एका सकाळी तिकडे बर्फ पडला. आप्पांचा आवाज आला, पण रोजचा नव्हता. खाडा नाही, पाळी नाही. "मरंल की रं ती! एकटी हाय ती! ये की रं भाड्या!" आवाज मध्येच फाटत होता. मी डोकावलो. घरटं पांढरंफेक झालं होतं आणि त्यातून मादीची फक्त मान वर दिसत होती. पाठीवर बर्फ साचला होता, तरी ती हलत नव्हती. आप्पा आदल्या संध्याकाळपासून बघत होते आणि नराचा पत्ता नव्हता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हौसाकाकू होत्या.

"मास्तर, ते फोन का उचलत न्हाईत?"

"गरुड बघताना उचलत नाहीत, काकू."

"ठाव हाय मला. थोरल्या सूनबाईनं सांगितलंय, शिव्या देत्यात म्हणून. मी बी बघती, भाकरी थापता थापता. तुमचा फोन त्यांच्या कानाशी धरा."

मी भिंतीला वळसा घालून गेलो आणि स्पीकर चालू केला.

"अवो, कशाला त्याला शिव्या देताय? त्यो तिथंच हाय."

"कुठं हाय? मला न्हाय दिसत!"

"वरच्या कोपऱ्यात, डाव्या अंगाला. फांदीवर. पायाची पिवळी बोटं दिसत्यात बगा."

आप्पांच्या मोबाईलचा वरचा डावा कोपरा काळा आहे. पहिल्याच आठवड्यात नर उशिरा आला म्हणून त्यांनी मोबाईल धुण्याच्या दगडावर आपटला होता, तेव्हापासून तिथं शाई सांडल्यासारखा डाग आहे. मी माझ्या मोबाईलवर घरटं उघडलं. कोपऱ्यात एक फांदी होती आणि ती घट्ट धरून बसलेली पिवळी बोटं. बाकीचा गरुड चित्राच्या बाहेर होता. मधूनच तो अंग झटकत असावा, कारण वरून बर्फाचं ढेकूळ खाली पडायचं.

आप्पांनी माझा मोबाईल डोळ्यांपाशी नेला.

"कवापासनं हाय?" त्यांनी विचारलं.

"काल सांजच्यापास्नं. हलला न्हाय. तसा तर रोजच असतोय तितं." काकूंचा आवाज चढला. "त्यो निदान बर्फात फांदीवर तरी बसलाय. तुमी कुठं बसलाय?"

फोन बंद झाला.

आता माझाही मोबाईल दगडावर जाणार, म्हणून मी हात पुढे केला. आप्पांनी तो अलगद माझ्या तळहातावर ठेवला. आत गेले आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आले.

"मास्तर, गाडी काढा."

"आप्पा, मला शाळा आहे!"

"पडू द्या एक खाडा," ते म्हणाले.

माझ्या मोटारसायकलवर परत येताना तिघं कसे बसणार, हा विचार त्यांनी केला नाही आणि रागाच्या भरात मलाही सुचला नाही. बारामतीत एका टेंपोनं आम्हाला घासून कट मारला. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या. आप्पा मागून नुसते म्हणाले, "जाऊ द्या. घाई असंल त्याला." मला एकदम भीती वाटली. या माणसाची तब्येत बरी आहे ना?

अंथुर्ण्याला डाळिंबाच्या बागेला लागूनच घर आहे. फाटकापाशी आप्पा उतरले आणि तिथेच थांबले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "हाक तुमी मारा."

चार वर्षांचा सगळा राग माझ्या डोक्यात चढला. "मी नाही मारणार! बायको तुमची आहे. तुम्ही मारा."

त्यांनी उभ्या जन्मात काकूंना नावानं हाक मारली नव्हती. 'अगं ए' नाहीतर 'ऐकू आलं का' एवढंच. त्यांनी फाटकाची कडी उगाच दोनदा खालीवर केली. मग म्हणाले, "हौसे."

मी हातभर अंतरावर होतो, मलाही ते जेमतेम ऐकू आलं.

आतला थापण्याचा आवाज थांबला. काकू पिठाच्या हातांनी तशाच दारात आल्या. आप्पांना पाहून पायरी उतरल्या, झपाझप फाटकापर्यंत आल्या आणि त्यांनी आप्पांच्या कपाळाला हात लावला.

"आवाज का असा बारीक झालाय? ताप हाय का तुमास्नी?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "न्यायला आलोय."

काकूंनी कपाळावरचा हात काढला नाही.