अप्पा पागे मागे बघत नाहीत

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारात अप्पा पाग्यांना मागून हाक मारून काही उपयोग नाही. ते थांबतात, पण मान वळवत नाहीत. रस्त्याच्या मधोमध काठी टेकून, समोर बघत उभे राहतात आणि हाक मारणारा वळसा घालून पुढ्यात येण्याची वाट बघतात. मागून टांगा येतो, टांगेवाला ओरडतो, "ओ दादा, हटो!" अप्पा हटतात, पण बघत नाहीत. एकदा त्यांच्या फाटक्या पिशवीतून बटाटे गळत चालले होते. लोक मागून कळवळून सांगत होते, "अप्पा, आलू गिर रहे हैं!" अप्पा म्हणाले, "सामने आके बोलो." कोणी सामने येईपर्यंत गाईनं बटाटे संपवले होते.

मला असल्या गोष्टींचा संताप यायचा. मला तेव्हा बऱ्याच गोष्टींचा संताप यायचा. मी कॉलेजात होते आणि आमच्या मंडळाची पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. राजधानी आमच्याकडे आधीच अर्धी होती, हिवाळ्यात ग्वाल्हेरला नि उन्हाळ्यात इंदूरला. आता नवं राज्य होऊन ती अर्धीही भोपाळला निघाली होती. महाराज बाड्याच्या चौकाजवळच्या कचेऱ्यांतली कपाटं ट्रकवर चढत होती, आणि कालपर्यंत रुबाब करणारे बाबू बायकोला विचारत होते, भोपाळचं पाणी कसं आहे गं? मी एका पत्रकात राजधानी नेणाऱ्यांना झोडपत असे, दुसऱ्यात जहागीरदारांना, तिसऱ्यात पडद्याच्या चालीला. तिन्ही पत्रकं आमच्या समोरच राहणाऱ्या अप्पांच्या दारात आधी पडत.

अप्पा ती वाचत. शेवटपर्यंत वाचत. मग माझ्यासमोर कागद धरून उद्गारचिन्हांवरून बोट फिरवत.

"पुढारीणबाई, भोंगा एकदा वाजवायचा असतो. लोक बाजूला होतात. तू तर हात काढूनच नाही राहिली त्यावरून."

अप्पांना जगातलं सगळं मोटारीवरून कळत असे. त्यांचे आजोबा फौजेबरोबर दख्खनहून आले ते घोड्यावर, वडील एका सरदारांच्या पागेत होते, आणि अप्पा त्याच सरदारांच्या मोटारखान्याचे कारभारी. कोठीतल्या, म्हणजे सरदारांच्या वाड्यातल्या, बायकांसाठी एक लांबलचक अमेरिकन मोटार होती. ती देवदर्शनाला, लग्नकार्याला निघाली की ड्रायव्हरच्या शेजारी अप्पा. जहागिरी गेल्या, कोठीचा खर्च आटला, मोटारखान्याला कुलूप लागलं, आणि अप्पा घरी बसले. घरी बसून त्यांनी ती मोटार पुन्हा करायला घेतली.

लाकडाची. हातभर लांब.

प्रमाण त्यांचं स्वतःचं होतं: खऱ्या गाडीचा एक फूट म्हणजे त्यांचं एक बोट. पट्टी ते वापरत नसत. "पट्टी हरवते. बोट हरवतं काय?" सागाचं अंग, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचे मडगार्ड, सायकलच्या ट्यूबचे टायर, पुढचे दिवे म्हणून टॉर्चचे बल्ब, आणि जिथे जिथे गाडी चमकत असे तिथे तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी, नखानं घासून घासून बसवलेली. अप्पा स्वतः सिगारेट ओढत नसत. चांदीसाठी त्यांनी आमच्या गल्लीतल्या दोन माणसांना सिगारेट सोडू दिली नाही.

गाडीच्या कंपनीचं नाव मात्र ते तोंडातून काढत नसत. "आमच्या त्या", "बाईसाहेब", फार तर "स्वारी". माझी आई त्यांना छेडायची. "अप्पा, नवऱ्याचं नाव न घेणारी बाई पाहिलीय मी. मोटारीचं नाव न घेणारा पुरुष पहिलाच. उखाण्यात तरी घ्या!" अप्पा खरोखर लाजत.

मी एकदा ती मोटार उचलून बघितली. खिडक्यांना आतून पडदे होते, जांभळ्या रेशमाचे, बोटभर. पुढची आणि मागची बाजू वेगळी करणारा जाड पडदाही होता. पुढे दोन जागा: ड्रायव्हरची आणि अप्पांची. अप्पांच्या जागेवर चक्क उशी होती, सुपारीएवढी. पण खिडकीचा पडदा नखानं सारून मागे डोकावले, तर काही नाही. कोरं लाकूड. रंगसुद्धा नाही.

"अप्पा, मागची बैठक राहिली."

"राहिली नाही. माहीत नाही."

"म्हणजे?"

"बघितली नाही कधी. हुकूम नव्हता."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बायका मोटारीत चढायच्या तेव्हा दोन्हीकडून कनात धरली जायची, आणि पुढच्या माणसांनी समोर बघायचं. प्रवासात मान वळवायची नाही. मागचं दाखवणारा आरसा मोटार आली त्याच दिवशी काढून ठेवला होता. ड्रायव्हरपुढे निदान रस्ता होता. अप्पांना तर काहीच काम नव्हतं, फक्त मागे न बघण्याचं. ते त्यांनी नोकरीभर केलं, आणि नोकरी सुटली तरी मान विसरायला तयार नव्हती.

माझ्या डोक्यात पुढचं पत्रक शिजायला लागलं. "ही गुलामगिरी आहे अप्पा! आणि तुम्ही तिला उशी करून राहिलात!"

"काकू पण असायच्या मागे," अप्पा म्हणाले.

काकू म्हणजे त्यांची बायको. मी लहान असताना तापानं गेल्या. कोठीतल्या बायकांच्या दिमतीला होत्या, हे मला माहीत होतं. त्याच मोटारीत, पडद्यापलीकडे, हे माहीत नव्हतं.

"कुठे बसायच्या?"

"कोण जाणे. घरी आलो की विचारायचो. ती म्हणायची, आतलं आत. पक्की होती." अप्पांनी मोटार माझ्या हातून घेतली. "एकदा मला ठसका लागला, थांबेचना. मागे कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. तिच्याच असाव्यात. पण बांगड्या काय, सगळ्यांनाच असतात."

त्याच आठवड्यात बातमी आली की मोटार विकली गेली. भोपाळच्या कोणा ठेकेदारानं घेतली, वरातींना भाड्यानं देण्यासाठी. गुरुवारी नेणार होते. मी धावतच समोर गेले.

"चला अप्पा. आज बघून घ्या. परत दिसायची नाही."

"हुकूम नाही."

"कोणाचा हुकूम? सरदार गेले दिल्लीला, जहागीर गेली, राजधानी गेली. आता हुकूम कोण देणार, ठेकेदार?"

अप्पा हातातल्या कोऱ्या लाकडावर बोट फिरवत राहिले. फूट म्हणजे बोट, पण कशाचा फूट? मी म्हणाले, "मग ही अशीच राहील, अर्धी. तुम्हाला चालत असेल तर राहू द्या." अप्पा उठले. कोट घातला, टोपी झटकली. नोकरीवर निघाल्यासारखे निघाले.

मोटारखान्यात एकच म्हातारा चौकीदार होता. अप्पांना बघून त्यानं मुजरा केला. गाडी अंगणात आणून ठेवली होती. खिडक्यांचे पडदे गेले होते, मधला जाड पडदाही. चौकीदारानं मागचं दार उघडलं. "देख लो साहब. अब काहे का पर्दा."

अप्पा मोटारीजवळ गेले आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले.

"अप्पा!"

"तू बघ. बाईमाणसाला कधी मनाई नव्हती. मला सांग."

दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी तिथेच भाषण दिलं असतं. त्या पाठीकडे बघितलं आणि मी वाकून आत शिरले.

"बैठक मोरपंखी रंगाची आहे. मखमल. मधे दबली आहे."

"थोरल्या बाईसाहेब," अप्पा म्हणाले. "वजन होतं. गाडी मागून दबायची."

"दोन्ही खिडक्यांशी फुलदाण्या आहेत, काचेच्या. एक फुटली आहे."

"पुढे?"

"पुढच्या बैठकीच्या पाठीला घडीची एक छोटी बैठक आहे. डावीकडे. उघडली की मागे तोंड करून बसायचं."

"दिमतीच्या बाईची असणार. बायकांच्या समोर बसायला. डावीकडे म्हणालीस?"

"डावीकडेच. आणि तिच्या वर, डोकं टेकतं तिथे, मखमलीवर डाग आहे. तेलाचा. तळहाताएवढा." मी नाक जवळ नेलं. एवढ्या वर्षांनीही वास होता. "खोबरेल अप्पा. आणि कसला तरी... मरवा?"

कोठीतल्या बायकांची तेलं कनौजहून यायची. खोबरेलात मरवा घालून उन्हात ठेवणारी बाई आमच्या गल्लीत एकच होती. लहानपणी मी अप्पांच्याच ओसरीवर तो वास घेत खेळले होते.

मी डोकं बाहेर काढलं. अप्पांनी मान वळवली होती. अंग तसंच, समोर, फक्त मान. कुलपात किल्ली अडकावी तशी अर्ध्यावर अडकली, मग आणखी थोडी वळली. त्यांनी आधी पुढची डावी जागा बघितली, त्यांची स्वतःची. मग तिच्या पाठीमागचा तो डाग. मधे फक्त चार बोटांचं लाकूड आणि मखमल होती.

"पाठीला पाठ," ते म्हणाले.

चौकीदारानं दार लावायला हात पुढे केला. अप्पा म्हणाले, "आस्ते."

घरी आल्यावर त्यांनी आईकडे मोरपंखी खणाचा तुकडा मागितला. दोन दिवसांत मागची बैठक झाली, मधे अंगठ्यानं दाबलेली. घडीची छोटी बैठक झाली, फुलदाण्या झाल्या, त्यातली एक फोडलीसुद्धा. खिडक्यांचे पडदे त्यांनी परत लावले नाहीत.

गुरुवारी सकाळी खरी मोटार स्टेशनच्या रस्त्यानं गेली. भोंगा एकदा वाजला. अप्पा बघायला आले नाहीत. मी समोर गेले, तर ते कोनाड्यातल्या जुन्या तेलाच्या बाटलीत आगपेटीची काडी बुडवत होते. मोटारीचं टप काढून ठेवलं होतं.

"इथे?" त्यांनी काडीचं टोक धरलं.

"थोडं वर. तुमच्या डोक्याच्या बरोबर मागे."

त्यांनी थेंब टेकवला. तो खणाच्या कापडावर हळूहळू पसरला. अप्पा त्यावर फुंकर घालत राहिले.

"तेल वाळत नाही, अप्पा."

"माहीत आहे," अप्पा म्हणाले आणि आणखी एक फुंकर घातली.