जावईबापूंचं अनुमान

लाल चादरी पांघरून दोघी बसल्या होत्या. त्यांतली आपली नवरी कोणती, हे हितनारायणला ओळखायचं होतं. मैथिल लग्नातला हा नेहमीचा खेळ: एक नवरी, दुसरी तिची धाकटी बहीण. जो चुकतो त्याला सासरच्या बायका जन्मभर टोमणे मारतात.

आम्हां मैथिलांना तर्काचा भलताच अभिमान. मासा नासलाय हे नाकाला कळत असतानाही आम्ही त्यावर वाद घालतो आणि वाद संपेपर्यंत तो नक्की नासतो. हितनारायण तर दरभंग्याला न्यायशास्त्र शिकवायचा. डोळे आणि डोकं शाबूत असलं की माणूस फसत नाही, अशी शेखी त्याने आल्याआल्याच मिरवली होती. आता माघार घेण्याची सोय नव्हती.

त्याने निरखून पाहिलं. डावीकडची थरथरत होती. उजवीकडची चक्क पेंगत होती, मधूनच बारीक घोरतही होती. नवरीला सकाळपासून उपास आहे हे त्याला ठाऊक होतं, पण स्वतःच्या लग्नात घोरेल कोण? नवरी म्हटली की धडधड, धडधड म्हटली की थरथर. त्याचं मनही तेच सांगत होतं.

विधी सांगणारी मावशी कंटाळली. "जावईबापू, एवढा कसला विचार? समोर दिसतंय की."

ही आपल्याला मुद्दाम चकवतेय, असा त्याने आणखी एक निष्कर्ष काढला आणि डावीकडचीचा हात धरला.

चादर सरली. आत नवरीची ऐंशीच्या घरातली आत्तेआजी होती. धाकटीला ताप भरला म्हणून आजीला ऐन वेळी बसवलं होतं. थरथर वयाची होती.

"माझी हरकत नाही, बापू," म्हातारी म्हणाली, "पण गुडघे धरलेत. सासरी चालत नाही यायची मी."

बायका पोट धरून हसल्या. त्या गलक्याने उजवीकडची खरी नवरी, शैलजा, दचकून जागी झाली. हितनारायणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायकांचं सोडा, आता हिच्या नजरेत आपण कायमचे बावळट ठरलो, हीच भीती त्याला खात होती.

लग्न लागलं. कोहबरात, नवरा-नवरीसाठी सजवलेल्या खोलीत, दोघंच उरल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"छे," शैलजा म्हणाली. "तुम्ही आलात तेव्हा मी खिडकीतून बघत होते. दारातली तांदळाच्या पिठाची ओली रांगोळी चुकवायला तुम्ही थांबलात, खूप विचार केलात आणि नेमका तिच्यावरच पाय दिलात."

"मग?"

"मग काय, तुमचा विचार होईपर्यंत आपल्याला वेळ आहे हे कळलं. म्हणून तर झोपले."