सासऱ्यांच्या नाण्याचं स्केलिंग

सासरे दवाखान्यात आले तेव्हा डॉक्टर एका बाईंची अक्कलदाढ काढत होते. बाई गाल धरून बाहेर पडताच सासरे आत शिरले आणि त्याच खुर्चीत बसले. मग त्यांनी खिशातून एक डबी काढली. डबीत कापूस, आणि कापसात हिरवंगार, खडबडीत झालेलं एक नाणं.

"जावईबापू, हे तुमच्या हवाली करतोय."

डॉक्टरांनी हातमोजे काढून डबी दोन्ही हातांत घेतली. सासऱ्यांनी आजवर त्यांच्या हवाली काहीही केलं नव्हतं. मुलगीसुद्धा नाही, ती आपली आपण आली होती. लग्नानंतर डॉक्टरांनी मोठ्या हौसेने सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करून दिलं होतं. ते तेव्हापासून उलटं चालायचं. सासऱ्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही, पण घड्याळ काढून टाकलं नाही ते नाहीच. पाहुण्यांना दाखवायला ठेवलं.

त्यामुळे हे नाणं हाती येणं म्हणजे मोठाच मान होता. सासरे विमा कंपनीतले निवृत्त तपासनीस. लोकांचे खोटे दावे पकडण्यात सगळी हयात गेलेली. निवृत्तीनंतर ते नाणेसंग्राहक मंडळात रमले, आणि मंडळात त्यांचा दबदबा होता तो या एका नाण्यामुळे. परसात खड्डा खणताना ते सापडलं होतं. गंजामुळे वरचं काही दिसत नव्हतं, पण भिंगातून पाहिलं की छत्रीच्या काड्या ओळखू यायच्या. सासऱ्यांचं म्हणणं असं, की छत्री आहे म्हणजे खाली राजा असणारच. आणि राजा काही स्वतःची छत्री स्वतः धरत नाही, तेव्हा एक सेवकही असणार. यावर त्यांची व्याख्यानं झाली होती. राजा घोड्यावर बसलाय की हत्तीवर, यावरून मंडळातल्या दोन सभासदांनी एकमेकांशी बोलणं टाकलं होतं.

"रविवारी मंडळात एक तज्ज्ञ येतोय," सासरे म्हणाले. "गंजाला हात न लावता आतलं चित्र दाखवणारं मशीन आहे त्याच्याकडे. त्याआधी वरची माती तेवढी सुटायला हवी. तुमच्याकडे डिस्टिल्ड वॉटर असतं ना?"

"असतं की. उपकरणं निर्जंतुक करायला लागतं."

"बस्स! त्यात बुडवून ठेवायचं. रोज पाणी बदलायचं. फारच वाटलं तर मऊ ब्रश, तोही हळू. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, मीठ नाही, घासणी नाही, धातूचं तर काही म्हणजे काहीच नाही! हा हिरवा थर म्हणजे नाण्याची कातडी. ती सोलली की नाणं गेलं!"

हे त्यांनी इतक्या मोठ्यांदा सांगितलं की बाहेर बसलेले पेशंट दचकले.

सुरुवातीला डॉक्टर अगदी शहाण्यासारखे वागले. पाणी बदललं, माती सुटू दिली, मऊ ब्रश फिरवला. पण एक दिवस सहज म्हणून त्यांनी नाणं मोठ्या दिव्याखाली धरलं आणि त्यांचे हात शिवशिवायला लागले. कडेला थर साचला होता. खाली कठीण, वर भुसभुशीत. असा थर दिसला की गेली कित्येक वर्षं ते एकच गोष्ट करत आले होते.

"डॉक्टर, ते नाणं आहे. दात नाही," दवाखान्यातल्या मदतनीस मावशींनी बजावलं.

"कडेचं एवढंच काढतो हो."

ते एवढंच निघालं, आणि आता दुसरी कडा घाण दिसायला लागली. मग तिचंही काढलं. मग मधला भाग एकटाच हिरवा राहिला, ते काही बरं दिसेना. दातांवरचं कीटण काढायचं स्केलिंगचं मशीन घूं घूं करत फिरलं. शेवटी सवयीने पॉलिशही झालं. डॉक्टर तर नाण्याला चूळ भरायला सांगणार होते, पण तेवढ्यात ते भानावर आले.

दिव्याखाली नाणं लखलखत होतं. छत्री होती, झकास होती. पण खाली राजा नव्हता, सेवक नव्हता, घोडा नाही की हत्ती नाही. खाली लिहिलं होतं, 'छत्री विभाग, क्रमांक ४२'.

"अगंबाई! हा तर नाटकगृहातला बिल्ला," मावशी म्हणाल्या. "पूर्वी दारात छत्री जमा केली की हातात द्यायचे."

डॉक्टर मटकन पेशंटच्या खुर्चीत बसले. "मावशी, मी सासऱ्यांचा राजा मारला."

"होताच कुठे तो मरायला?"

पण हे सासऱ्यांना सांगणार कोण? म्हातारा माणूस, भर मंडळात मान खाली जाणार. आणि जावयाचं नाव निघणार ते घड्याळासकट. डॉक्टरांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी एका पेशंटचा दात भरताना त्यांना एकदम सुचलं, की निघालेलं पुन्हा भरता येतं! पुढे मशीन काय दाखवायचं ते दाखवेल, आपलं नाव तरी निघणार नाही. त्यांनी बायकोची डोळ्यांना लावायची हिरवी पावडर उचलली, दात भरायच्या सिमेंटमध्ये कालवली, रंग जुळवला, थर चढवला, निळ्या दिव्याने पक्का केला आणि वरून टोचून टोचून खडबडीत केला. मावशींनीही कबूल केलं की गंज पहिल्यापेक्षा बरा वठलाय.

रविवारी सकाळी सासरे आले. दार लावून घेत हळूच म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही, बाबा! जसं होतं अगदी तस्संच आहे."

सासऱ्यांचा चेहरा पडला. "म्हणजे... काहीच नाही? लिंबू वगैरे?"

"छे!"

"चुकून ड्रिल लागलं असेल?"

"अजिबात नाही!"

"काय माणूस आहात हो तुम्ही!" सासरे खुर्चीत कोसळले. "चांगलं चालतं घड्याळ तुम्ही चहा निवायच्या आत बिघडवलंत. आणि हे एक नाणं तुमच्याच्याने बिघडलं नाही?"

डॉक्टरांनी आ वासला.

"मागच्या महिन्यात कडेचा एक टवका उडाला," सासरे पुटपुटले. "खाली 'क्रमांक' दिसलं. टवका मी गुपचूप परत चिकटवला. राजाला क्रमांक कशाला हवा? जन्मभर लोकांचे खोटे दावे पकडले, आणि आज ते मशीन सगळ्यांसमोर माझाच पकडणार. म्हटलं, तुमच्या हाती दिलं की नाण्याचं काही खरं नाही."

"मग एवढ्या सूचना ओरडून का दिल्यात?"

"साक्षीदार नकोत?"

डॉक्टरांच्या छातीवरचा धोंडा असा उतरला की त्यांना हसूच आवरेना. हसता हसता त्यांनी सगळं सांगून टाकलं, आणि टोकदार हत्याराने एका झटक्यात सिमेंटचा गंज उडवला. आतून चकचकीत छत्री निघाली.

"अहो, वाट लावलीत की! पार वाट लावलीत!" सासऱ्यांनी जावयाला कडकडून मिठी मारली. "शाब्बास! आता ती अक्षरंही घालवा."

ड्रिल सुरू झालं. एकाने धरलं, दुसऱ्याने घासलं. दोघांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम, आणि ते फारच छान झालं. गुळगुळीत चकती तेवढी उरली.

मंडळात सासऱ्यांनी ती चकती तळहातावर धरून दाखवली. "राजा गेला," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "जावयाने घासला." सभासदांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं की त्यांनी जणू खूनच केलाय. घोडावाले आणि हत्तीवाले एकमेकांचं सांत्वन करू लागले. मशीनवाला तज्ज्ञ हळहळला. डॉक्टर मान खाली घालून उभे होते, आणि इतकं हलकं त्यांना लग्नापासून कधी वाटलं नव्हतं.

चहाच्या वेळी मंडळाच्या खजिनदारांनी त्यांना जिन्याखाली गाठलं.

"डॉक्टर, तुम्ही केलंत ते अक्षम्य आहे."

"हो."

"असल्या हातात कुणी नाणं देऊ नये."

"खरंय."

खजिनदारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक छोटी डबी काढली.

"तो मशीनवाला पुढच्या महिन्यात पुन्हा येतोय," ते कुजबुजले. "उद्या सकाळी वेळ आहे का?"

डॉक्टर काही बोलणार, तोच त्यांची नजर खजिनदारांच्या मागे गेली. तिथे मंडळाचे अध्यक्ष भिंतीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांचाही हात खिशात होता.