तायडेसाहेबांच्या खाटा

नामदेवराव तायडे कोणाच्याही घरी गेले की आधी खाटेकडे पाहत. दुपारची रिकामी खाट त्यांना सहन होत नसे. "दिवसभर अशीच राह्यते?" ते यजमानाला विचारत. "वाया चालली म्हना की."

चहाच्या हॉटेलातही तेच. अनोळखी गिऱ्हाइकाला ते म्हणत, "चहा झाला ना भाऊ? मंग उठा. खुर्ची अडकून राह्यली." त्यावरून एकदा ते मार खाता खाता वाचले.

तायडे अमरावतीच्या एका दवाखान्यात सांख्यिकी सहाय्यक होते. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी एका दैनिकाचा वार्ताहर. बातमीसाठी दवाखान्यात रोज फेरी असे. बातमी नसली तरी तायडे असत. मूळचे बाळापूरचे, संख्याशास्त्र नागपूरला शिकलेले. दवाखान्याची कार्यक्षमता गणिताने मोजता येते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. रोग्याचं वय, आजार आणि गावाचं अंतर सूत्रात घातलं की त्याने किती दिवस राहावं ते निघे. जास्त राहिला तर आलेखावर लाल ठिपका. खाट जितकी लवकर रिकामी, तितका दवाखाना सरस. या हिशेबात अकोला पुढे होतं. त्या काळजीने तायड्यांना जेवण जात नसे.

रिद्धपूरकडची एक म्हातारी बरी होऊनही वॉर्डात होती, कारण न्यायला कोणी आलं नव्हतं. तायडे तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"आजी, घरी कवा जाता?"

"काहून रे बाबू? तुले झोपाचं हाय का इथं?"

सगळा वॉर्ड हसला. सिस्टर म्हणाल्या, "तायडे, ही माणसं आहेत. पंगत नाही."

"सरासरी बिघडून राह्यली, सिस्टर." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं.

त्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नीला, सुमनताईंना, मुदतीचा ताप आला. त्याच वॉर्डात खाट मिळाली. सूत्राने दिलेले दिवस संपले, ताप उतरला नाही. तायडे भेटीच्या वेळेआधीच दाराशी येऊन थांबत आणि चष्मा पुसत राहत.

एकदा मी सोबत होतो. सुमनताईंनी बारीक आवाजात विचारलं, "अहो, माहा ठिपका लाल झाला का?"

"नाई," तायडे म्हणाले. "हिरवा हाय."

त्यांच्या आलेखावर हिरवा ठिपका नव्हताच.

शेजारच्या खाटेवर नांदगाव पेठेची एक तरुण बाई होती. आदल्या संध्याकाळी आली, सकाळी तापातच गेली. दुपारपर्यंत चादर बदलून तिथे दुसरी रोगी आली होती. तायड्यांनी ती नवी चादर पाहिली आणि मला व्हरांड्यात ओढलं.

"त्या खाटेचा ठिपका कसा आला असंन, ठाऊक हाय? एकदम झकास. एका रोजात खाट मोकळी."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाई घरी गेली का मेली, माह्या सूत्राले फरकच नाई, भाऊ. दोन्हीकडून खाट रिकामीच. मी हे मोजून राह्यलो होतो."

अकोल्याशी तुलना करणारा त्यांचा अहवाल नागपूरला जायच्या बेतात होता. तायडे तडक सिव्हिल सर्जनकडे गेले आणि त्यांनी तो परत मागितला. साहेबांनी कारण विचारलं. "चुकला हाय," एवढंच ते म्हणाले. परत येताना वाटेत डॉक्टर भेटले. सुमनताईंना आणखी किती दिवस लागतील सांगता येत नाही, असं म्हणाले.

"लागू द्या," तायडे म्हणाले. "पण खाट तिचीच राहू द्या."

सुमनताई पुढे बऱ्या होऊन घरी आल्या. पण पुढच्या रविवारी तायडे माझ्याकडे आले, तेव्हा त्या वॉर्डातच होत्या आणि बऱ्या होतील की नाही ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आमची खाट रिकामी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवून ते खुर्चीवर बसले.

"घरी दोन खाटा हायेत," ते म्हणाले. "एकीकडं पाहवत नाई."

चहा केव्हाच संपला होता. रिकामा कप हातात धरून ते बसून राहिले. त्यांना कोणी उठा म्हटलं नाही.