व्हायोलिन, रोजच्या वापरातील

जप्त माल परत करणाऱ्या खात्यावर माझा सरळ आरोप आहे : तुम्ही चोर पकडलात. तोही आठ दिवसांत. एवढ्या तत्परतेची सवय आम्हाला कुणी लावली होती का?

माझ्या घरातून वडिलांचं व्हायोलिन चोरीला गेलं. तक्रारीच्या छापील अर्जात दोनच रकाने होते, ‘वापरातील वस्तू’ आणि ‘अडगळ’. अडगळीचा तपास होत नाही, असं कारकुनाने सांगितलं. व्हायोलिन बावीस वर्षं कपाटावर, जुन्या ब्लँकेटांखाली पडलं होतं. मी लिहिलं, ‘वापरातील. रोज दोन तास.’ खोटं लिहिताना माझं अक्षर फार सुबक येतं.

चोर सापडला तेव्हा व्हायोलिन वाजवत बसला होता. त्याने तारा बदलल्या होत्या, धूळ पुसली होती, उकललेला सांधा चिकटवला होता आणि वर म्हणत होता, वस्तू माझीच आहे. झालं, मालकी वादग्रस्त ठरली. मग नियम काढला गेला : वाद्याच्या मालकीचा वाद वादनाने मिटवावा, आणि ज्याने मालकाचं वादन नेहमी ऐकलं आहे, अशा माणसाने मालक ओळखावा.

शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, “यांच्याकडून फक्त मिक्सरचा आवाज येतो.”

“दुसरं कुणी?” साहेबांनी विचारलं.

दुसरे म्हणजे माझे वडील. ते बहिणीकडे राहतात, त्यांना दिसत नाही, आणि दर रविवारी मी त्यांना फोनवर माझा रियाज ऐकवतो. म्हणजे, कुणातरी वादकाची रेकॉर्ड लावून फोन तिच्याजवळ धरतो. हे साहेबांना सांगायची सोय नव्हती. खोटी माहिती दिल्यास कारवाई होईल, हे अर्जावर ठळक छापलेलं होतं.

बाबांना खुर्चीत बसवलं. आम्ही दोघांनी बोलायचं नाही, फक्त वाजवायचं. आधी चोराने वाजवलं. बाबांची बोटं गुडघ्यावर चालायला लागली. मग मी गज उचलला. मी दोन ओळी वाजवेपर्यंत बाहेरच्या बाकावरच्या एका दुसऱ्याच आरोपीने गुन्हा कबूल करून टाकला.

“काका, व्हायोलिन कुणाचं?”

“पहिल्याचं.”

साहेबांनी शिक्का मारला. चोराने व्हायोलिन पेटीत ठेवलं, अगदी झोपलेलं मूल ठेवावं तसं.

जिन्यात मी म्हणालो, “बाबा, दुसरा मी होतो.”

“कळलं की. खोकलास तू.”

“मग असं का सांगितलंत?”

“त्यांनी विचारलं, व्हायोलिन कुणाचं. मुलगा कोणता, ते कुठे विचारलं?” एवढं बोलून ते मागे वळले. “अरे ए, पहिला! राहतोस कुठे तू?”

आता खोटी तक्रार केल्याची नोटीस मला आली आहे. येऊ द्या. पण खात्याने पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं : बावीस वर्षं मी ते व्हायोलिन ब्लँकेटांखाली डांबून ठेवलं होतं, तुमचे शिपाई रोज माझ्या दारावरून जात होते, तेव्हा मला का नाही पकडलंत?

आणि वाचकहो, तुम्ही कशाला हसताय? तुमच्या कपाटावर काय आहे, ते आधी सांगा.